मदत हवी आहे : १५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड मशीन भाराखाली दम सोडते

नमस्कार. चांदोदला नर्मदेकाठी माझ्या मामांची फायबरची लहान होडी आहे आणि तिच्यावर १५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे, कार्ब्युरेटरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागच्या कडेला बाहेरून बसवायचे) मशीन आहे. मशीन जुने असून पूर्वी समुद्रावर चाललेले आहे. बडोद्यात मोटारसायकलींचे कसबी कारागीर गल्लोगल्ली मिळतात, परंतु आउटबोर्ड उघडून पाहणारा कोणी मला अद्याप सापडलेला नाही. त्यामुळे शक्य तेवढी दुरुस्ती घरीच करायचे ठरवले आहे आणि त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

तक्रार अशी आहे की, मशीन दोरीच्या पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होते आणि मंद गतीवर एकसारखे चालते. मात्र ओरसंगच्या संगमापाशी प्रवाहाविरुद्ध थ्रॉटल पूर्ण उघडून निघालो, की काही मिनिटांत वेग उतरू लागतो, आवाज जड होतो आणि अखेर मशीन बंद पडते. तेच मशीन घरी आणून पाण्याच्या पिंपात चालवले, तर कितीही वेळ सुरळीत चालते. पंखा पिंपात असताना मशीनवर खरा भार येत नाही, त्यामुळे या चाचणीवर फारसे विसंबता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

आतापर्यंत जे तपासले ते सांगतो. थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी जोरात येते आणि ते पाणी हाताला कोमट लागते. शिवाय पाण्याच्या पंपाचे रबरी इम्पेलर गेल्या हंगामात बदललेले आहे, म्हणून मशीन तापून बंद पडत असेल असे मला वाटत नाही. दोन्ही प्लग काढून पाहिले, तर दोघांचाही रंग सारखाच तपकिरी आहे, त्यामुळे एकच सिलिंडर निकामी झाल्याची शक्यता कमी वाटते. सर्वांत महत्त्वाची खूण मात्र वेगळीच आहे. मशीन मान टाकू लागताच मामांनी पेट्रोलच्या नळीवरचा, हाताने पेट्रोल पुढे ढकलण्याचा रबरी फुगा दाबला, तर ते पुन्हा उचल घेते आणि दाबत राहावे तोवर चालत राहते. त्या वेळी फुगा चपटा झालेला नसतो, केवळ मऊ पडलेला असतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच असतो.

पेट्रोल पंपावरचे, म्हणजे इथेनॉल मिसळलेले आहे, आणि त्यात टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मशीनसाठीचे) ऑइल लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे ५०:१ या प्रमाणात घालतो. प्रतापनगरच्या एका गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे, की मशीनवरच्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला पडदा गेला असावा आणि तो रबरी पत्र्यातून कापून बसवता येईल. तसे करावे का? दुसरी शंका अशी की, खालच्या गिअरचे ऑइल काढले तेव्हा ते ताकासारखे पांढरट निघाले. या दोन बिघाडांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो का?

प्रतिसाद

आपण फुग्याची खूण नोंदवली, हे फार बरे केले, कारण तिच्यामुळे अर्धे निदान झालेले आहे. फुगा चपटा झाला असता तर अडथळा फुग्याच्या मागे, म्हणजे टाकीतली जाळी, हवेचा स्क्रू किंवा टाकीकडची नळी यांपैकी कुठेतरी आहे असे म्हणता आले असते. इग्निशनचा दोष असता तर मशीन बहुधा बटण दाबल्यासारखे एकाएकी थांबले असते आणि फुगा दाबल्याने त्यात काहीच फरक पडला नसता. आपल्याकडे फुगा मऊ पडतो आणि दाबल्यावर मशीन सावरते. यावरून एक तर मशीनवरचा पेट्रोल पंप अशक्त झाला आहे, नाहीतर नळीत कुठून तरी हवा शिरते आहे. मंद गतीवर पेट्रोल इतके थोडे लागते, की अशक्त पंपसुद्धा तेवढे पुरवतो. म्हणून पिंपात दोष दिसत नाही.

पंप उघडण्याआधी हवेची तपासणी करावी. फुगा आणि पंप यांच्या मध्ये तात्पुरती पारदर्शक नळी जोडून होडी भाराखाली चालवावी व नळीत बुडबुडे दिसतात का ते पाहावे. दिसल्यास मशीनच्या बाजूच्या झटपट जोडातली ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) पहिली संशयित समजावी. बुडबुडे नसतील, तरच पंप उघडावा. हा पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या चढउतारावर चालतो, त्यामुळे पडद्याची जाडी आणि लवचीकता यांना महत्त्व आहे. रबर कापून बसवू नये. त्या मॉडेलचा पडदा व गॅस्केट यांचा संच मागवावा. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, म्हणून नळी आणि फुगाही त्याच वेळी बदललेले उत्तम.

तोपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका, ही कळकळीची सूचना. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येते. पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो.

पांढरट ऑइलचा या बिघाडाशी संबंध नाही, तिथे पाणी शिरते आहे. ऑइलच्या दोन्ही स्क्रूंचे वॉशर आधी बदलावेत, मग पंखा काढून शाफ्टभोवती मासेमारीची तंगूसाची दोरी गुंडाळली गेली आहे का ते पाहावे, कारण ती दोरी शाफ्टभोवतीचे, पाणी आत येऊ न देणारे सील कापते. नवे ऑइल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे. वरून भरल्यास आत हवा अडकते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळच दिसली आणि जोडातली ओ-रिंग कडक होऊन एका बाजूने चिरलेली निघाली. ती बदलल्यावर अर्ध्या थ्रॉटलवर होडी फुग्याला हात न लावता चालली. पूर्ण थ्रॉटल नळी आणि फुगा नवे आल्यावरच देणार आहे. शाफ्टभोवती खरोखरच तंगूस निघाली, तेव्हा सील बदलणे भाग आहे. मात्र सील ज्यात बसते त्या बेअरिंग कॅरिअरचे दोन्ही बोल्ट निघाले असले, तरी पूर्वीच्या खाऱ्या पाण्यामुळे असेल, तो जागचा हलत नाही. पुलर (असे भाग ओढून काढायचे अवजार) हाताशी नसताना बाहेरून गरम हवा देऊन तो सैल करणे गिअरच्या ॲल्युमिनिअमच्या कवचाला सुरक्षित आहे का, की पुलर मिळेपर्यंत थांबावे?