मदत हवी आहे: वावराच्या वाटेचा वाद, वकील मात्र दोन्ही घरांच्या जिव्हाळ्याचा (वर्धा जिल्हा)

वावरवाली_वर्धा

राम राम मंडळी,

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. वाद वावराच्या वाटेचा आहे, पण मी अडले आहे ती वकिलापाशी. म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आमचे आजेसासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ यांची वाटणी 1986 साली झाली. पांदणीला (गावच्या गाडीवाटेला) लागून असलेला तुकडा धाकट्या भावाकडे गेला आणि नाल्याकडचा आमच्याकडे आला. आम्हाला पांदणीवर निघायला त्यांच्या धुऱ्याने, म्हणजे बांधाने, वाट ठेवली होती. वाटणीचा कागद तालुक्यातल्या वकीलसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. त्यात "बाभळीच्या धुऱ्याने गाडीबैल नेण्यास कोणी हरकत करू नये" असं स्पष्ट वाक्य आहे, आणि खाली साक्षीदार म्हणून त्यांचीच सही आहे. त्या वाटेवरून कधी कुणाचा शब्द वाढला नाही. यंदा मात्र मृगाच्या आधी वखरवाही करताना चुलत भाऊजींनी वाट वखरून सोयाबीनमध्ये घेतली. पोळा झाल्यावर काटेरी तार ओढली. आता सीतादही (वेचणीआधीची कापसाची पूजा) होऊन आमची वेचणी लागली आहे. कापूस डोक्यावर घेऊन नाल्यातून फेऱ्याने आणावा लागतो. बाया म्हणतात, "गाठोडं घेऊन नाल्यातून चालाचं तं मजुरी वाढवा." त्यांचंही खरंच आहे. नाल्यात अजून घोट्यापर्यंत पाणी आहे.

मामाजी अंथरुणाला खिळले आहेत, यांची नोकरी बाहेरगावी, त्यामुळे कास्तकारी आणि हा वाद दोन्ही मीच पाहते. वावर सासूबाईंच्या नावाने आहे.

आता वकीलसाहेबांबद्दल. त्यांच्या वडिलांनी तहसीलसमोर ऑफिस टाकलं होतं. आज तिथे ते स्वतः, त्यांची मुलगी आणि पुतण्या असे तिघं वकिली करतात. तुम्ही ते ऑफिस पाहायला हवं. फळीवर लाल कपड्यातले बस्ते आहेत, पण ते पक्षकाराच्या नावाने लावलेले नाहीत, गावाच्या नावाने लावले आहेत. आमच्या गावाचा बस्ता खिडकीजवळ आहे. मी गेले तर पेशीचं (कोर्टाच्या तारखेचं) विचारण्याआधी त्यांनी नाल्याला पाणी किती आहे, तुरीला शेंग धरली का, हे विचारलं. गावातल्या शाळेच्या संस्थेवर ते आहेत. आमची मुलं त्याच शाळेत शिकली, चुलत भाऊजींचीही तिथेच. कुणाच्या घरी मयत झाली तर काळा कोट घालून कोर्टात जाण्याआधी ते तिथे येऊन बसतात. ही मोठी माणसं आहेत हो. त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही, आदरच आहे.

पण मी वकालतनाम्याची गोष्ट काढली तेव्हा ते बराच वेळ कागद पाहत राहिले आणि म्हणाले, "दोन्ही घरं माझीच आहेत बाई. मले विचार करू दे." तेव्हापासून निरोप नाही. चुलत भाऊजीही त्यांना भेटून आले, असं गावात बोलतात.

माझे भाऊ म्हणतात, नागपूरचा वकील आण, त्याला ना हे घर ना ते घर. शेजारचे म्हणतात, नागपूरच्या वकिलाला आपला धुरा काय ठाऊक, प्रत्येक पेशीचं येणं-जाणं द्यावं लागेल ते वेगळंच.

मला विचारायचं ते हे: ज्यांनी वाटणी लिहिली त्यांनीच आता आमची बाजू घेतली तर चालतं का? नाही घेतली तर आमचा कागद, आमची माहिती तिकडे जाईल का? आणि त्यांना न दुखावता दुसरा वकील कसा करायचा? उद्या मुलांच्या लग्नात त्यांना पत्रिका द्यायची आहे, हे लक्षात घेऊन सांगा.

निवृत्त_नाझर

ताई, वकिलाचं नंतर बोलू. आधी मुदतीचं पाहा.

वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुमची वाट मृगाच्या आधी वखरली गेली. समोरची बाजू मुदत तिथूनच मोजणार, तुम्ही तार ओढल्यापासून मोजाल. त्या भांडणात पडूच नका, वखरणीपासूनच मोजा. म्हणजे हातात दिवस फार थोडे आहेत. निरोपाची वाट पाहत बसू नका.

लोक जमीन महसूल संहितेचं कलम 143 आणि हे कलम 5 एकच समजतात. 143 म्हणजे वाट नाहीच, धुऱ्यावरून नवीन मिळावी, असा अर्ज. तुमची वाट आहे आणि ती अडवली आहे. अर्ज चुकीच्या कलमाखाली गेला तर महिने जातात. नोकरीत असताना हे फार पाहिलं आणि दरवेळी जीव तुटायचा.

दोन्ही गटांचे सातबारे, नकाशा, 1986 चा कागद, आणि त्या वाटेने गाडी नेलेल्या म्हाताऱ्या माणसांची नावं, एवढं जमवा. तहसीलदार स्थळ पाहायला येतील तेव्हा ती माणसं वावरात हजर ठेवा.

ॲड_यवतमाळकर

मी तालुक्याच्या कोर्टातच वकिली करते, म्हणून तुमचा प्रश्न मनाला लागला.

तुमच्या वकीलसाहेबांचा विचार योग्य दिशेने चालला आहे असं मला वाटतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत असं आहे की ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असं वकिलाला वाटण्याजोगं कारण आहे, ते प्रकरण त्याने घेऊ नये. तुमच्या कागदाचं अक्षर त्यांचं आणि साक्षीची सहीही त्यांची. कागद खोटा आहे असं समोरच्याने म्हटलं तर तो सिद्ध करायला त्यांच्याइतका मोलाचा माणूस दुसरा नाही. ताई, तुम्हाला ते वकील म्हणून जेवढे कामाचे आहेत त्याहून साक्षीदार म्हणून कितीतरी जास्त कामाचे आहेत. वकालतनामा भरला की ती साक्ष अडचणीत येते.

मुलीला किंवा पुतण्याला द्यावं का, हे तुम्ही विचाराल. नियम ज्याची साक्ष होणार त्या वकिलापुरता आहे. पण बाप साक्षीला उभा आणि लेक सरतपासणी घेते आहे, हे समोरचा वकील सोडणार नाही. त्या ऑफिसातून कुणीच नको, तुमच्याकडूनही आणि त्यांच्याकडूनही.

माहिती तिकडे जाण्याची भीती बाळगू नका. पक्षकाराने वकिलाला वकील म्हणून सांगितलेलं गुप्त राहतं. आधी पुरावा कायद्याचं कलम 126 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 132 आहे. एका बाजूने दावा लिहून दिला, सल्ला दिला, की त्याच वादात उलट बाजूने उभं राहता येत नाही, असाही नियम आहे. मूळ कागद त्यांच्याकडे असेल तर पोच देऊन परत घ्या. फी बाकी आहे म्हणूनसुद्धा वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2000 साली सांगितलं आहे.

कागद नोंदणी केलेला आहे का ते कळवा. आधीच झालेल्या वाटणीची ती याद असेल तर नोंदणी लागत नाही. त्याच कागदाने वाटणी केली असेल तर लागते. सातबारे वेगळे झाले तेव्हाच्या फेरफाराची नक्कल काढली की पुष्कळ उलगडेल.

आणि फीची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, कोर्टाच्या इमारतीतच असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वावर सासूबाईंच्या नावाने आहे, तेव्हा अर्ज त्यांच्या नावाने करा. 15100 वर फोन करूनही विचारता येतं.

संत्रेवाला_काटोल

वहिनी, वर्धा-नागपूरकडची गावं जुनी मालगुजारी आहेत, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा. वऱ्हाडात रयतवारी होती, कास्तकार सारा थेट सरकारला भरायचा, म्हणून तिकडच्यांना हे चटकन सुचत नाही. तुमच्या गावाचं वाजिब-उल-अर्ज तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मागा. खाजगी जमिनीतून जाण्यायेण्याचे, पाण्याचे रिवाज त्यात लिहिलेले असतात. आमच्या वाटेचा उल्लेख तिथे सापडला आणि त्यानंतर समोरचे बोलायला तयार झाले. वाटणीच्या आधीपासून त्या धुऱ्याने येणं-जाणं असेल तर तुमच्याही कामी येईल.

नागपूरच्या वकिलाचं म्हणाल तर हायकोर्टाचं काम असेल तेव्हा जरूर जा. तहसीलदारापुढे बाजू मांडायला वावर पाहिलेला माणूस हवा. तालुक्याच्या बारमध्ये दुसऱ्या गावचा, तुमच्या दोन्ही घरांशी संबंध नसलेला वकील मिळेलच.

आपल्या भागात वकिलाला लोक एवढं मानतात त्याला कारण आहे. बापूजी अणे यवतमाळला वकील होते, वसंतराव नाईक पुसदला वकिली करत होते, पंजाबराव देशमुख बॅरिस्टर होऊन अमरावतीला परतले आणि 1932 साली शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. कोर्टातून निघून गावात बसणारी ही परंपरा. तुमचे वकीलसाहेब त्यातलेच दिसतात. अशा माणसाला स्पष्ट विचारलं तर तो दुखावत नाही. मागून दुसरा वकील केला तर दुखावतो.

वावरवाली_वर्धा

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा महिन्यांचं वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेले.

वकीलसाहेबांना समोर बसून विचारलं. म्हटलं, "काकाजी, तुम्ही आमचे वकील नका होऊ, पण कागद तुमचा आहे असं सांगाल का?" त्यांनी लगेच मुलीला हाक मारली आणि आमच्या गावाचा बस्ता काढायला लावला. त्यात 1986 च्या कागदाची त्यांची कार्बन प्रत निघाली. मूळ कागदाच्या घडीवर जिथे अक्षर पुसलं आहे तिथे प्रतीत "गाडीबैल" नीट वाचता येतं. म्हणाले, बोलावलं तर साक्षीला येईन, आणि या ऑफिसातून कुणाचाच वकालतनामा जाणार नाही, हे तिकडेही कळवलं आहे. "ते माझ्यासमोर ठरलं होतं, ते मी खोटं कसं होऊ देईन," एवढंच बोलले. भाऊजींना समजावून पाहतो असंही म्हणाले. मी म्हटलं जरूर समजवा, पण दावा मी मुदतीत टाकणार. त्यांनाही ते पटलं.

विधी सेवा समितीत सासूबाईंच्या नावाने अर्ज दिला आहे. कागदाची नोंदणी नाही. फेरफाराच्या नकलेला अर्ज केला, वाजिब-उल-अर्जचंही विचारून आले.

एक शंका राहिली. भाऊजींचं सोयाबीन निघालं आहे. मोकळ्या वावरात जुनी वाट अजून ओळखू येते, तिथली माती दबलेली आहे. ते पुन्हा वखर घालतील त्याआधी मोबाइलवर फोटो काढले तर चालतील का?

ॲड_यवतमाळकर

चालतील, आजच काढा. बाभूळ, तार आणि दबलेली वाट एका फोटोत येईल असं उभं राहा, पांदणीच्या टोकाकडून आणि तुमच्या वावराकडून, दोन्हीकडून. त्यांच्या वावरात पाय ठेवू नका. ज्या फोनवर काढाल तो विकू नका, फोटो खोडू नका, कारण त्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र द्यावं लागेल. आणि समझोता झालाच तर तोंडी ठेवू नका, तहसीलदारांपुढे लिहून सह्या करून घ्या.

निवृत्त_नाझर

दाव्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, ताई.