टाक्यांचा कायदा छोट्या धंद्याच्या मुळावर उठलाय म्हणे!

एल्ककाठी
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "वेस्ट व्हर्जिनियात एक टाकी गळली म्हणून हजारो टाक्यांमागे इन्स्पेक्टर लावले, २०१५ ला सरकारला अक्कल आली नि कायदा सैल केला ते बरंच झालं." वाचून डोकंच सटकलं. साहेब, मी तेव्हा तिथल्या राजधानीत, चार्लस्टनमध्येच होते. ९ जानेवारी २०१४, संध्याकाळी टीव्हीवर ऑर्डर, नळाचं पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला नाही, आंघोळीला नाही, फक्त फ्लशला वापरा. ९ काउंट्या म्हणजे जिल्हे, ३ लाख माणसं. मी नुकतीच कणीक मळून ठेवलेली, नाकाजवळ नेली तर बडीशेपेसारखा गोडसर वास, अख्खा गोळा कचऱ्यात. पुढे पाइप धुवायचे म्हणून गरम नळ १५ मिनिटं सोडायचा आणि त्या वाफेत घरभर तोच वास.

आणि झालं काय होतं? फ्रीडम इंडस्ट्रीज नावाच्या केमिकल कंपनीच्या टाकीच्या बुडाला भोकं पडून कोळसा धुवायचं केमिकल, एमसीएचएम, १० हजार गॅलनच्या आसपास गळलं. गळती अडवायला भोवती भिंत होती तीपण गळकी. पाणी कंपनीचा इनटेक, म्हणजे पाणी उचलायची जागा, त्याच एल्क नदीत दीड मैल खाली! जमिनीखालच्या टाक्यांना फेडरल कायदा १९८४ पासून आहे. जमिनीवर तेलाची टाकी असेल तर त्यालाही नियम आहेत. पण टाकी जमिनीवर आणि आत तेल नाही, की तेव्हा सगळं रामभरोसे होतं. म्हणून २०१४ चा कायदा आला, १,३२० गॅलनच्या वरची टाकी नोंदवा, तपासून घ्या, गळली तर काय करणार ते लिहून द्या. यात जुलूम कुठला?

विहीरवाला
पोस्ट माझीच होती, नाव घेऊन बोला की. मी क्लार्क्सबर्गला गॅसच्या विहिरींच्या लाइनीत आहे. गॅसबरोबर खारं पाणी वर येतं, ते २१० बॅरलच्या टाकीत साठवतो. विहिरी म्हाताऱ्या झाल्यात, मालकाला महिन्याकाठी चिल्लर सुटते, त्यात डोंगरात कुठेतरी कोपऱ्यात उभ्या टाकीला इंजिनियरचं सर्टिफिकेट आणा म्हणे. आमच्या मालकाने वैतागून दोन विहिरी बंद केल्या, माझा ओव्हरटाइम गेला. आणि फ्रीडमकडे आवारातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचं परमिट होतंच ना? मग गेटातून आत जाऊन टाकी बघायला सरकारी माणसाला कुणी अडवलं होतं? असलेला कायदा वापरायचा नाही आणि नवीन कायदा आमच्या बोकांडी.

एल्ककाठी
परमिट पावसाच्या पाण्याचं, टाकीचं बूड तपासायची सक्ती त्यात कुठे होती? आणि खारं पाणी म्हणजे काय मिठागर आहे का, त्यात बेरियम असतं, रेडियम असतं. २०१५ ला बहुतेक टाक्या सोडल्याच, उरल्या त्या मुख्यतः इनटेकपर्यंत ५ तासांत पाणी पोचतं त्या पट्ट्यातल्या, नाहीतर फारच मोठ्या किंवा घातक मालाच्या. तर त्या पट्ट्यातूनही २१० बॅरलपर्यंतच्या तेल-गॅसच्या टाक्या वगळा म्हणून तुमची मंडळी विधानसभेत पुन्हा पुन्हा बिलं आणतात. किती सूट हवी?

जुना_भोपाळी
तुम्ही टाक्या मोजत बसा. चार्लस्टनपासून हाकेच्या अंतरावर इन्स्टिट्यूट नावाचं गाव आहे, तिथे युनियन कार्बाइडचा प्लांट, भोपाळचा सख्खा भाऊ, तोच विषारी एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट) तेव्हा तिथेही बनायचा. डिसेंबर १९८४ नंतर छातीठोक सांगत होते, इथे असं होणारच नाही. ऑगस्ट १९८५ ला तिथेच गळती, १०० हून जास्त लोक हॉस्पिटलात. २००८ ला बायरच्या ताब्यात असताना स्फोट, दोन कामगार गेले. आणि बोंब कशाची, तर बडीशेपेच्या वासाची.

एल्ककाठी
गरोदर बायकांना नंतरही बाटलीचंच पाणी प्या सांगितलं होतं, वासाची थट्टा तुम्हाला सुचते.

जुना_भोपाळी
थट्टा नाही, हिशोब मांडतोय. तुमच्याकडे पाणी कंपनी आणि ते केमिकल बनवणारी ईस्टमन कंपनी मिळून १५१ मिलियन डॉलरपर्यंत द्यायला तयार झाले. भोपाळला हजारो मेले, १९८९ ला ४७० मिलियनवर तोंडं बंद. माझा मामा स्टेशनजवळ राहायचा, शेवटपर्यंत धाप लागायची त्याला. कार्बाइडचा चेअरमन अँडरसन आला, अटक झाली, जामीन झाला, गेला तो गेला.

विहीरवाला
अँडरसनला विमानात बसवून पाठवणारे आपलेच होते की. दरवेळी गोऱ्यांच्या नावाने गळे काढायचे!

जुना_भोपाळी
आपल्यांना सोडा असं कुठे म्हटलंय मी? नीट वाचत जा आधी.

मळीग्रस्त
भोपाळसाठी वेगळा धागा काढा राव. आमच्या गावाकडे कारखान्याची मळीची टाकी फुटली होती, टाकी जमिनीवरचीच. ओढ्यातून काळं पाणी सरळ नदीत, सकाळी मासे पोट वर करून काठाला लागलेले आणि पोरं ते टोपलीत भरत होती. आजी काठी घेऊन पोरांमागे धावली. नोटीस आली म्हणतात, कुणाला आली कुणास ठाऊक. पुढच्या गळिताला टाकीला नवा रंग. विहीरवाले, तुमच्याकडे निदान टाकीवर नंबर तरी आहे.

विहीरवाला
नंबर आहे, त्याची फीपण आहे.

एल्ककाठी
फ्रीडमच्या प्रेसिडेंटला किती शिक्षा बसली माहितीये? ३० दिवस जेल आणि २० हजार डॉलर दंड. शहराला पाणी नाही आणि हा पत्रकारांसमोर बाटलीतलं पाणी पीत उभा. कंपनीने तर गळतीनंतर ८ दिवसांत दिवाळखोरी मागितली. म्हणून म्हणते, नंतरच्या दंडाने काही होत नाही, आधी बूड तपासा.

विहीरवाला
बरं बाई, जिंकलात. ५ तासांच्या पट्ट्यातली टाकी तपासा, माझी ना नाही. पण डोंगरापलीकडच्या टाकीला तोच नियम लावणार असाल तर इंजिनियरची फी चार्लस्टनवाल्यांनी पाणीबिलात भरावी. आहे कबूल?

एल्ककाठी
गळती झाली की कुणाचं बिल वाढतं ते आधी विचारून या.

जुना_भोपाळी
आणि अँडरसनचं काय?

मळीग्रस्त
तो २०१४ लाच वारला, दादा.