अनुभव धागा : ‘आय अ‍ॅम लेजंड’ तुमच्या आयुष्यात कुठे अडकला?

2007 सालचा ‘आय अ‍ॅम लेजंड’ बहुतेकांनी तुकड्यातुकड्यांत का होईना, पाहिलेला असतो. कर्करोगावर इलाज म्हणून गोवराच्या विषाणूत फेरफार होतात, तो हाताबाहेर जातो, आणि तीन वर्षांनी, 2012 मध्ये, ओसाड न्यूयॉर्कमध्ये उरतात लष्करातला विषाणूतज्ज्ञ रॉबर्ट नेव्हिल आणि सॅम ही त्याची कुत्री. रात्री बाहेर पडणारे बाधित वेगळे. परीक्षणं भरपूर झालीत, ती इथे नकोत. यातला कुठला प्रसंग तुमच्या जगण्याला जाऊन भिडला तेवढं लिहा. आणि 2020 च्या आधी पाहिलात की नंतर, तेही सांगा. माझ्या मते त्यानं फार फरक पडतो. शेवट सांगून टाकला तरी चालेल, सतरा-अठरा वर्षं झाली की आता.

कडीकुलूप

मी ‘नंतर’वाला. पहिल्या लाटेत पॉझिटिव्ह आलो आणि घरातल्याच एका खोलीत बंद झालो. ताट दाराबाहेर यायचं, मी ते आत घ्यायचो, घासून परत बाहेर ठेवायचो. त्या दिवसांत हा सिनेमा लॅपटॉपवर लावला. आता कुणी म्हणेल, दुसरं काही मिळालं नाही का? नाही मिळालं. म्हणजे, हवंही नव्हतं.

बाधितांची भीती वाटली नाही. पोटात कालवलं ते त्या सीडीच्या दुकानात. नेव्हिलनं तिथे पुतळे उभे करून ठेवलेत. तो त्यांना नावानं हाक मारतो, दुकानदाराशी बोलावं तसं बोलतो, वर्णक्रमानं एकेक सिनेमा नेतो आणि पाहून परतही आणून ठेवतो. ज्या गावात दंड करायला माणूस उरला नाही, तिथे हा बाबा सीडी परत करतोय! मी खोलीत रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसत होतो, त्यामुळे मला ते फार नीट कळलं.

पण खरा प्रसंग पुढचा. बऱ्याच काळानं त्याच्या घरात माणसं येतात, अ‍ॅना आणि छोटा ईथन. ती त्याच्याच स्वयंपाकघरात नाश्ता बनवते. आणि हा काय करतो? ताट भिरकावतो. ते बेकन मी राखून ठेवलं होतं, म्हणतो. मग उठून वर निघून जातो.

मी खोलीबाहेर आलो त्या दिवशी भावानं माझं टेबल आवरून ठेवलं होतं. पेनं एका बाजूला, औषधाच्या पट्ट्या एका बाजूला. मी त्याच्यावर असा खेकसलो की आई आतून धावत आली. इतके दिवस ज्यांच्यासाठी तळमळत होतो, त्यांचा हात माझ्या वस्तूंना लागलेला मला सोसेना. पटकथा लिहिणाऱ्याला हे कुठून कळलं कोण जाणे.

पिपेट

प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आमच्यात या सिनेमाला हसायची पद्धत आहे, पण मी हसत नाही.

गोवराची निवड उगाच केलेली नाही. गोवराचा एक रोगी, भोवती कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर सरासरी 12 ते 18 जणांना लागण देतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. आणि कर्करोगाविरुद्ध गोवर ही कल्पनाही हवेतली नाही. लशीतला दुबळा केलेला विषाणू पेशींवरच्या सीडी-46 नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो, आणि बऱ्याच कर्कपेशींवर हे प्रथिन जास्त असतं. सिनेमा आल्यानंतर सात वर्षांनी, 2014 मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांना हा विषाणू शिरेतून दिल्याचं प्रसिद्ध केलं. मात्रा होती शंभर अब्ज एककं. नेहमीच्या लशीत दहा हजारांच्या आसपास असतात. एका रुग्णेचा आजार पूर्ण ओसरला. रात्री बाहेर पडून कुणी कुणाला चावलं नाही.

मला अडकलेला प्रसंग मात्र तळघरातल्या भिंतीचा आहे. उपचार करताना दगावलेल्या प्रत्येक बाधिताचा फोटो तिथे लावलाय. रांगाच्या रांगा. आमच्याकडे फसलेल्या नमुन्यांची वही असते. तारीख, क्रमांक, शेरा. ती वही मी एरवी मिटून ठेवून देतो. तो सिनेमा पाहून आल्यावर एकदा तिची जुनी पानं उघडून वाचत बसलो होतो. बाकी काही सांगण्यासारखं घडलं नाही.

जाता जाता : तो बर्फाचा मुद्दा (शरीर थंड केल्यावर औषध लागू पडतं) ऐकायला छान आहे, पण एका उंदरावरून थेट माणसावर उडी? आमच्या मॅडमनी फाडून खाल्लं असतं.

स्पॅनर

मी ‘आधी’ पाहिला, थेटरात. तेव्हा नेव्हिलची शेल्बी मस्टँग गाडी बघून शिट्टी मारली होती. 2020 नंतर परत पाहिला आणि शिट्टी आली नाही, कारण मधल्या काळात गॅरेज उघडल्यावर काय काय दारात आलं ते मी बघितलंय.

उभी राहिलेली गाडी म्हणजे काय, ऐका. सगळ्यात आधी बॅटरी जाते. मग टायर एकाच जागी दबून चपटे होतात. हवा भरली तरी गाडी थडथडते. उंदीर वायरिंग खातात. आणि पेट्रोल शिळं होतं. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा डिंकासारखा चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. एका गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलचं फ्लोट उघडलं तर तळाशी हिरवट-तपकिरी थर, आणि वास वॉर्निशचा. सुईनं जेट मोकळा करता करता माझी दुपार गेली. साधं पेट्रोल सहा महिने ते वर्षभर ठीक राहतं. पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर घातला तर दोनेक वर्षं.

नेव्हिल तीन वर्षांनी ती लाल शेल्बी न्यूयॉर्कभर उडवतोय. जनरेटरही चालू. त्यामुळे माझ्यासाठी हा सिनेमा विज्ञानकथा आहे ती विषाणूमुळे नव्हे, पेट्रोलमुळे.

शेपूटवाली

सॅमचा प्रसंग. नंतर किंवा आधी काही नाही, एकदाच पाहिलाय आणि पुन्हा पाहणार नाही. हवेतून येणाऱ्या विषाणूला कुत्री दाद देत नाहीत, पण चावा बसला की संपलं, आणि सॅमला तो बसतो. कॅमेरा पूर्ण वेळ नेव्हिलच्या चेहऱ्यावर राहतो, खाली तो काय करतोय ते दाखवतच नाहीत. माझ्या कुत्रीला शेवटचं इंजेक्शन देताना डॉक्टरांनी विचारलं होतं, बघणार की बाहेर थांबणार? मी तिचं डोकं मांडीवर घेऊन समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत राहिले. इतकंच.

गेट क्रमांक दोन

परिचारिका. 2020-21 मध्ये माझी ड्यूटी बराच काळ दारावर होती, तपासून आत सोडायची.

म्हणून माझा प्रसंग पुलाजवळचा. शहर बंद करायचा हुकूम निघालाय, सैनिक एकेकाच्या डोळ्याला यंत्र लावतात. नेव्हिलच्या बायकोला पहिल्यांदा यंत्र बाधित ठरवतं. नेव्हिल अधिकारी, तो दरडावून पुन्हा तपासायला लावतो, आणि दुसऱ्यांदा ती सुटते. भोवती शेकडो लोक आहेत ज्यांना दुसरी तपासणी मिळणार नाही. एक बाई कठड्यापलीकडून निदान मुलाला तरी घ्या म्हणते.

आमच्या हातातलं कपाळावर धरायचं थर्मामीटर उन्हात उभ्या माणसाला ताप दाखवायचं. मी अशांना सावलीत दहा मिनिटं बसवायचे आणि परत बघायचे. रांग मोठी असली की बसवायला जागा नसायची. कुणाला बसवायचं, हे मग चेहरा बघून, आवाज ऐकून ठरायचं. ओळख सांगणारे तर रोजचेच. मी कुणाकुणाला परत पाठवलं त्यातले काही अजून आठवतात. सिनेमात तो प्रसंग काही मिनिटांत आटोपतो आणि आपण हेलिकॉप्टर बघायला लागतो. मी तिथे थांबवून पाणी पिऊन आले.

(कुठेतरी वाचलं होतं की ब्रुकलिन ब्रिजवरचं हे चित्रण जानेवारी 2007 मध्ये सहा रात्री चाललं होतं. त्या थंडीत उभे राहिलेले एवढे लोक खरे आहेत, म्हणूनच बहुतेक ते अंगावर येतं.)

फॉरवर्डेड मेनी टाइम्स

आमच्या काकांनी 2021 मध्ये घरच्या ग्रुपवर टाकलं होतं : ‘बघा, या सिनेमात लस घेऊनच लोक राक्षस होतात.’ मी त्यांना फोन करून सांगितलं, काका, त्यात लस नाही, बदललेला विषाणू आहे. काका म्हणाले, तू सिनेमावाल्यांपेक्षा शहाणा का? गंमत म्हणजे त्याच ऑगस्टमध्ये पटकथाकार अकिवा गोल्ड्समननं स्वतः ट्विटरवर लिहिलं की अरे हा सिनेमा आहे, मी रचलंय ते. ते काकांना पाठवलं. काकांनी अंगठ्याचा इमोजी टाकला आणि संध्याकाळी दुसरं काहीतरी फॉरवर्ड केलं. लस त्यांनी घेतली, काकूंनी हाताला धरून नेलं तेव्हा.

हातचा एक

गणित शिकवतो. नेव्हिल अ‍ॅनाला आकडे ऐकवतो ते मी वर्गात वापरतो. 600 कोटी लोक. 90 टक्के मेले, म्हणजे 540 कोटी. 58 कोटी 80 लाख बाधित झाले, 1 कोटी 20 लाखांना काहीच झालं नाही. बेरीज जुळते, हे सिनेमांत दुर्मिळ. एका धडधाकट माणसामागे 49 बाधित. हाच हिशेब न्यूयॉर्कच्या 80 लाखांना लावला तर 16 हजार जण सुखरूप उरायला हवेत. मुलं विचारतात, मग ते कुठे गेले, सर? बाधितांनी खाल्ले, असं तो म्हणतो. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘त्यानं मोजलं का पण?’ त्याला उत्तर नाही माझ्याकडे. हा माणूस रोज रेडिओवरून हाका मारतो, दुपारी धक्क्यावर जाऊन थांबतो, आणि तरी बोलतो असा की जगात दुसरं कुणी नाहीच.

रातकिडा

वटवाघळांवर काम करते, त्यामुळे मी पहिल्यापासून बाधितांच्या बाजूनं. त्यांचं संगणकी रूप फसलंय हे मान्य. आधी मेकअप केलेले नट घेतले होते, चित्रीकरण सुरू झाल्यावर बेत बदलला. पण वागणं बघा. नेव्हिल एका बाधित बाईला पकडून नेतो, आणि एक नर तिच्यामागे उन्हात डोकं बाहेर काढतो. स्वतःला भाजून घेतो. नेव्हिल रेकॉर्डरवर काय नोंदवतो? सामाजिक ऱ्हास पूर्ण, माणसासारखं वर्तन शून्य!

मी अशा नोंदी वाचल्यात. ‘कारण नसताना आक्रमक’ हा शेरा तर ठरलेला. कारण नसतं कसं, तुम्ही त्यांच्या घरट्यात टॉर्च घेऊन घुसलेले असता. पुढे नेव्हिलनं लावलेला सापळा जसाच्या तसा त्याच्यावरच उलटवला जातो, त्यानंच दुकानात उभा केलेला पुतळा आमिष म्हणून ठेवून. तरीही त्याच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. हुशार माणूस आहे, पण स्वतःच्या पहिल्या नोंदीला चिकटून बसलाय.

डीव्हीडीवर दुसरा शेवट आहे तो जरूर बघा. काचेपलीकडून तो नर बोटानं फुलपाखराचा आकार काढतो, कारण त्या बाईच्या खांद्यावर तसं गोंदण आहे. नेव्हिलला तेव्हा कळतं की ही झुंड आपल्याला खायला नाही, तिला न्यायला आलीये. तो तिला परत देतो. मग त्याची नजर फोटोंच्या भिंतीकडे जाते (पिपेट, तुमची भिंत!). रिचर्ड मॅथेसनच्या 1954 च्या मूळ कादंबरीचा रोखही तोच आहे, बाधितांच्या दंतकथेतला राक्षस नेव्हिलच आहे. 1964 आणि 1971 मध्येही त्यावर सिनेमे आले होते, पण त्यांच्याबद्दल मला इतकी कळकळ नाही.

दुसरा भाग काढायचं 2022 मध्ये जाहीर झालं, आणि तो डीव्हीडीतल्या शेवटापासून पुढे जाणार असं गोल्ड्समननंच नंतर सांगितलं. म्हणजे आमचाच शेवट अधिकृत. ज्यांनी थेटरात नेव्हिलला ग्रेनेडनं बाधितांसकट स्वतःला उडवताना बघून डोळे पुसलेत, त्यांनी आता काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.