नवलकोल आणि मोहरीचं गोत्र

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही सगळी एकाच रानटी वनस्पतीची लेकरं, हे एका लेखात वाचलं, ते अगदी बरोबर. फक्त त्यात नवलकोलला कंदमूळ म्हटलंय, ते नाही पटलं. ते फुगलेलं खोड आहे, जमिनीच्या वर वाढतं. सोलण्याआधी गड्डा हातात धरून बघा, पानांचे देठ तुटल्याचे वण सगळीकडे दिसतील. मुळाला पानं फुटत नाहीत! कोबीत माणसाने शेंड्याची कळी वाढवली, फ्लॉवरमध्ये फुलोरा, इथे खोड.

मला त्याहून नवल वाटतं ते फोडणीतल्या मोहरीचं. ती दोन वेगळ्या प्रजातींच्या संकरातून आली. एक शलगमाची, गुणसूत्रांच्या (पेशीतल्या आनुवंशिक धाग्यांच्या) १० जोड्या. दुसरी काळ्या मोहरीची, ८ जोड्या. आपल्या मोहरीत बरोबर १८! हे नातं १९३५ साली जपानमध्ये काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ ऊ जांग-चुन यांनी उलगडलं. कोबीच्या ९ आणि शलगमाच्या १० जोड्या एकत्र येऊन १९ जोड्यांची वनस्पती झाली, कॅनोला हे खाद्यतेल मुख्यतः तिच्यापासूनच मिळतं.

कुंडीत मोहरी पेरून फुलू द्या. चार पिवळ्या पाकळ्या, अधिकचिन्हासारख्या. कोबीला फुलं येऊ दिली तर तीही अशीच दिसतात.