धुरात सापडलेलं मूल आणि ऑक्सिमीटरवरचा ९८

प्रेषक: कार्यवाह
विषय: प्रथमोपचार पेटीसाठी ऑक्सिमीटर

नमस्कार मंडळी,

प्रथमोपचार पेटी नव्याने भरायची आहे. लहान मुलांच्या मापाचे दोन पल्स ऑक्सिमीटर घ्यावेत अशी सूचना आली आहे. कुठे आग लागली आणि मुलांच्या नाकातोंडात धूर गेला, तर जागच्या जागी ऑक्सिजन बघता येईल. आकडा ९५ च्या वर असेल तर मूल घरी न्यायला हरकत नाही, असं सूचनेत म्हटलंय. कोविडपासून सगळ्यांच्या हाताला त्याची सवयही आहे. कोणाची हरकत नसेल तर मागवून टाकतो.

– कार्यवाह

---

प्रेषक: भूलतज्ज्ञ काका (निवृत्त)
विषय: उत्तर: प्रथमोपचार पेटीसाठी ऑक्सिमीटर

कार्यवाह, जरूर मागवा, दम्याच्या मुलांना उपयोगी पडेल. पण ते "९५ च्या वर असेल तर घरी" आधी खोडा. धुरात सापडलेल्या मुलाच्या बाबतीत ते जिवावर बेतेल.

ऑक्सिमीटर खरं तर रक्ताचा रंग वाचतो. बोटातून दोन प्रकारचे किरण जातात, एक लाल (साधारण ६६० नॅनोमीटर) आणि एक इन्फ्रारेड (साधारण ९४०). किती शोषले गेले यावरून ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन किती आणि रिकामं किती, याचा हिशोब लागतो. आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि त्यातून होणारं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन त्या लाल प्रकाशात ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. यंत्राला दोघांतला फरकच कळत नाही. समजा मुलाचं ३० टक्के हिमोग्लोबिन मोनॉक्साइडने अडवलंय. म्हणजे ऑक्सिजन वाहायला उरलं फार तर ७० टक्के. ऑक्सिमीटर तरीही नव्वदीच्या वरच दाखवणार, आणि आपण हुश्श करणार.

मुलाचा रंगही फसवतो. तो निळा पडत नाही, कधी कधी तर चांगला गुलाबी दिसतो. उलटी, डोकेदुखी, किरकिर, पेंगणं, एवढीच लक्षणं, आणि लहान मूल डोकं दुखतंय हे सांगत नाही, नुसतं रडतं. पोट बिघडलंय असं वाटून घरी ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत.

त्यात मुलं वजनाच्या मानाने जास्त हवा ओढतात, त्यांची ऑक्सिजनची गरजही मोठी असते. त्याच खोलीत, तेवढ्याच वेळात मोठ्यांच्या आधी त्यांना बाधा होते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात खाणकामगारांना उंदरासारखे छोटे प्राणी जवळ बाळगायला सांगितलं, ते याच तत्त्वावर.

म्हणून आकडा काहीही असो, धुरातून बाहेर काढलेल्या मुलाला मास्कने पूर्ण ऑक्सिजन आणि थेट इस्पितळ.

– काका

---

प्रेषक: एक अभियंता सभासद

काका, शंका. जपानी अभियंता ताकुओ आओयागींनी १९७० च्या दशकात पल्स ऑक्सिमीटरची ही पद्धत काढली तेव्हा दोन तरंगलांबी पुरेशा होत्या, हे समजू शकतो. पण आता एलईडी इतके स्वस्त असताना सात-आठ वापरून मोनॉक्साइड वेगळा का काढत नाहीत?

---

प्रेषक: भूलतज्ज्ञ काका

काढतात. बोटावर लावायची तशी यंत्रं आहेत, काही अग्निशमन दलांकडे असतातही. पण त्यांच्या आकड्यात चूक बरीच राहते. जास्त आला तर उपयोग होतो, लगेच पावलं उचलता येतात. कमी आला म्हणून मूल सुटलं असं मात्र समजायचं नाही. खरा निकाल रक्ताच्या नमुन्याचा, को-ऑक्सिमीटरवर. तो अनेक तरंगलांबी वापरून हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार वेगळा मोजतो.

---

प्रेषक: एका दीड वर्षाच्या मुलीची आई

म्हणजे एवढ्याशा मनगटातल्या धमनीत सुई? आणि साध्या ब्लड गॅस (रक्तातल्या वायूंच्या) रिपोर्टवरही सॅच्युरेशन छापलेलं असतं ना, ते चालत नाही का?

---

प्रेषक: बालविभागातली परिचारिका

ताई, धमनीची गरज नाही. मोनॉक्साइडसाठी शिरेतलं रक्त चालतं. सलाईन लावताना जे रक्त घेतो त्यातच काम होतं, वेगळी टोचणी नको. (फुप्फुसं किती काम करताहेत हे बघायचं असेल तर धमनी लागते, तो प्रश्न वेगळा.)

साध्या रिपोर्टची गंमत अशी की त्यावरचं सॅच्युरेशन बहुतेक वेळा मोजलेलं नसतंच. यंत्र रक्तात विरघळलेला ऑक्सिजन मोजतं आणि त्यावरून टक्केवारी मांडतं. विरघळलेला ऑक्सिजन मोनॉक्साइडच्या बाधेत ठीकच असतो, म्हणून कागदावर ९९ येतात. बिनधास्त विचारा, "को-ऑक्सिमेट्री केली का? कार्बॉक्सिहिमोग्लोबिन किती आलं?" धूम्रपान न करणाऱ्यात ते दोन-तीन टक्क्यांच्या आत असतं. अगदी तान्ह्या बाळात मात्र गर्भात असतानाचं वेगळं हिमोग्लोबिन अजून उरलेलं असतं, त्यामुळे काही यंत्रं ते उगाच जास्त दाखवतात, तेव्हा एका आकड्याने घाबरू नका.

ऑक्सिमीटर आम्हीही लावतोच. फुप्फुसात काजळी बसून किंवा घसा सुजून ऑक्सिजन उतरायला लागला तर तो दाखवतो. म्हणजे आकडा खाली आला तर नक्की धावा. चांगला आला तर त्याचा काही भरवसा नाही. मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटाला लावू नका, बाजूने प्रकाश गळतो. पट्टीसारखा प्रोब तळपायाच्या बाहेरच्या कडेला, दिवा आणि सेन्सर समोरासमोर येतील असा गुंडाळायचा आणि वरून पांघरूण घालायचं. पाय गार असेल तर आधी ऊब द्यायची. काजळी पुसून घ्यायची. पडद्यावरची नाडी आणि छातीवर मोजलेले ठोके जुळले की मगच आकडा वाचायचा. गडद त्वचेवर यंत्र थोडं जास्तच दाखवतं, आपल्या मुलांच्या बाबतीत हेही ध्यानात ठेवा.

नाकपुडीत काजळी, जळलेल्या पापण्या, बसलेला आवाज, श्वास घेताना घुरघुर, यातलं काहीही दिसलं तर सूज पुढच्या काही तासांत वाढू शकते. मुलाची श्वासनलिका मुळात अरुंद, थोड्या सुजेनेही वाट फार आवळते.

---

प्रेषक: भूलतज्ज्ञ काका

परिचारिकाबाईंच्या मेलला जोड. फोम, नायलॉन, लोकर जळताना सायनाइडही निघतं, आणि तेही ऑक्सिमीटरला दिसत नाही. बंद खोलीतल्या आगीतून काढलेलं मूल फार गुंगलेलं असेल आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन वापरता येईनासा झाला की वाढणारा घटक) लिटरमागे ८ ते १० मिलिमोलच्या वर असेल, तर डॉक्टर सायनाइडवरचा उतारा म्हणून हायड्रॉक्सोकोबालमिन देतात, मुलांना किलोमागे ७० मिलिग्रॅम. हे औषध लालभडक असतं आणि को-ऑक्सिमीटरचा हिशोब बिघडवतं, त्यामुळे रक्त शक्यतो आधी घेतात. पण रक्तासाठी औषध थांबवायचं नाही.

---

प्रेषक: बालविभागातली परिचारिका

आणि एक. मास्क कधी लावला ती वेळ लिहून ठेवा, हातावर पेनाने लिहिली तरी चालेल. साध्या हवेत मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. रुग्णवाहिकेत तासभर ऑक्सिजन घेऊन आलेल्या मुलाचं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन कमी निघतं, आणि वेळ माहीत नसेल तर बाधा किरकोळ होती असा समज होतो.

---

प्रेषक: कार्यवाह

सूचनेतलं ते वाक्य काढलं. ऑक्सिमीटर दोन मागवतो, सोबत वही आणि पेन. पट्टीचा प्रोब यंत्राबरोबर येतो की वेगळा घ्यावा लागतो, एवढं कोणीतरी आजच कळवा.