मदत हवी आहे: भाची विचारते, "मी एकटीनंच का राबायचं?"

नमस्कार मंडळी. माझी भाची कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात दहावीला आहे. एसएसएलसीला (म्हणजे तिकडच्या दहावीच्या बोर्ड परीक्षेला) बहुतेक विषयांत लेखी 80 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात. त्या 20 साठी विज्ञानाचा प्रकल्प होता. पोरीनं मलप्रभेकाठच्या शेतांतून माती आणली, वाळवली, चाळली, सगळं हातानं लिहिलं. वर्गातल्या काहींनी एआयला विचारून जसंच्या तसं उतरवलं. त्यांना पूर्ण गुण, हिला कमी. (अक्षर सुंदर नव्हतं म्हणे!)

मी तिला 2024 सालचं सांगितलं. परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग (कॅमेऱ्यातून थेट देखरेख) आलं आणि राज्याचा निकाल 83.89 टक्क्यांवरून 73.40 वर आला, तोही वाढीव गुण देऊन. तर म्हणते, "म्हणजे कॅमेरा नाही तिथं चालतं की गं मावशी." यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

त्यात आता मैत्रिणीनं कन्नडची वही मागितलीय, बघून लिहायला. त्या मुलीच्या घरी कन्नड कुणालाच येत नाही, त्यामुळे सरळ नाही म्हणणंही जड जातं. सोबत बसून शिकवावं असं मला वाटतं, पण वेळ दोघींनाही नाही.

इथं हायस्कूलचे शिक्षक असतील तर सांगा: प्रकल्पावर तोंडी प्रश्न विचारा, अशी विनंती पालकांनी केली तर चालते का? कुणाचं नाव न घेता हे सरांपुढे कसं मांडावं? आणि वहीचं काय करावं?