मोडायचेच असेल, तर पेशी बीटा-कॅटेनिन बनवते कशाला?

प्रश्न (नांदेड, एम.एस्सी. प्राणीशास्त्र):
नमस्कार. विंट या पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनाचा संदेश नसताना पेशी बीटा-कॅटेनिन हे प्रथिन सतत तयार करते आणि लगेच प्रोटिअसोममध्ये (प्रथिने मोडणाऱ्या पेशीतील यंत्रणेत) मोडून टाकते, असे आम्हाला शिकवले आहे. एवढी ऊर्जा खर्च करण्यापेक्षा पेशी ते जनुकच बंद का ठेवत नाही, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर (अंबाजोगाई):
मुख्य कारण वेग हे आहे. जनुक सुरू होऊन प्रथिन हाती येईपर्यंत वेळ जातो; मोडणे थांबवले, तर साठा लगेच वाढू लागतो. संदेश नसताना अ‍ॅक्सिन आणि एपीसी या प्रथिनांच्या आधाराने सीके१ हे विकर बीटा-कॅटेनिनमधील ४५ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावते, त्यानंतर जीएसके३ हे दुसरे विकर ४१, ३७ आणि ३३ या जागी फॉस्फेट लावते, आणि ही खूण ओळखून बीटा-टीआरसीपी या प्रथिनामार्फत युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी जोडली जाते; ती असलेले प्रथिन प्रोटिअसोम मोडते. विंट पेशीपृष्ठावरील फ्रिझल्ड आणि एलआरपी६ या ग्राही प्रथिनांना जोडले गेले की हे काम अडते, आणि साठलेले बीटा-कॅटेनिन केंद्रकात जाऊन टीसीएफ या प्रथिनाच्या साथीने जनुके सुरू करते. आतड्याच्या अस्तरातील खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशी याच बळावर मूलपेशी राहतात. वर सरकताना विंट कमी होत जाते आणि त्यांच्यापासून शोषण करणाऱ्या किंवा श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी घडतात. एपीसी निकामी झाले, तर संदेशाविनाच साठा वाढतो, आणि मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांची सुरुवात तिथूनच होते. त्यामुळे या खर्चाला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

उत्तर (परभणी, कृषी):
वनस्पतींत याच्या उलट घडते, तेही पाहावे. तिथे डेला प्रथिने वाढ रोखून धरतात आणि जिब्रेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा संदेश आला की ती मोडली जातात. आपल्याकडे द्राक्षाच्या घडांना ‘जीए’ (जिब्रेलिक आम्ल, एक जिब्रेलिन) देतात, तेव्हा मण्यांच्या पेशींत हेच घडते. नोरिन १० या जपानी गव्हाच्या वाणापासून आलेल्या बुटक्या गव्हात डेलाचा बदललेला प्रकार आहे. जिब्रेलिन असूनही तो मोडला जात नाही, म्हणून ताट उंच होत नाही. हे जनुक १९९९ मध्ये ओळखले गेले.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. प्रत्येक वेळी प्रथिन पूर्णच मोडले जाते का?

उत्तर (अंबाजोगाई):
नाही. फळमाशीत हेजहॉग या दुसऱ्या संदेशवाहक प्रथिनाचा संदेश नसताना सीआय या प्रथिनाचा एकच भाग प्रोटिअसोम नष्ट करते, आणि उरलेला तुकडा जनुके दाबून ठेवतो. संदेश आल्यावर तेच प्रथिन अखंड राहून ती जनुके सुरू करते.